बर्गंडी : आधी गाव वाचा, मग माणूस

गेल्या अंकात नाताळच्या जेवणाविषयी लिहिताना फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांताचं नाव ओझरतं आलं, आणि त्यावर एवढी पत्रं आली की या वेळचं सदर मी पूर्ण बर्गंडीलाच दिलं आहे. नव्या वाचकांसाठी सांगते : मी पणजीतल्या हॉटेलांत बरीच वर्षं वाइनचं काम पाहिलं, आता हॉटेलात नोकरीला लागणाऱ्या मुलामुलींना ते शिकवते. मधल्या काळात बर्गंडीतल्या साव्हिन्यी गावी एका कुटुंबाच्या मळ्यात हंगामभर द्राक्षं खुडली. उत्तरांत तो मळा अधूनमधून येईल, कारण तिथल्या लेबलांचा घोळ माझ्या डोक्यात त्या मळ्यात उभं राहूनच सुटला.

म्हापशाहून एक निवृत्त बँक कर्मचारी : ताई, मुलगा जहाजावर असतो. येताना त्याने एक बाटली आणली. वर ‘झेव्हरे-शांबेर्तां’, खाली ‘प्रमिए क्रु’, मग ‘ले काझतिए’ आणि सगळ्यांत खाली कुणाचं तरी नाव. द्राक्षाचं नाव कुठेच नाही. ही आहे तरी कसली वाइन?

मुलाने चांगली बाटली आणली आहे. द्राक्षाचं नाव नाही, कारण तिकडे ते गृहीतच धरलेलं असतं. बर्गंडीची तांबडी म्हणजे पिनो न्वार आणि पांढरी म्हणजे शार्दोने. आलिगोते नावाचं एक पांढरं द्राक्ष आहे, थोडं गामे आहे, पण ती वाइन वेगळ्या नावाने विकली जाते. त्यामुळे तुमच्या बाटलीत पिनो न्वार आहे याविषयी शंका नको.

आता लेबल मोठ्या जागेकडून लहान जागेकडे वाचा. झेव्हरे-शांबेर्तां हे गाव. दिजाँ शहरापासून दक्षिणेला टेकड्यांची एक रांग सुरू होते, तिला कोत दोर म्हणतात. लांबी साधारण पन्नास किलोमीटर, आणि रुंदी इतकी कमी की मळ्यांचा पट्टा काही ठिकाणी पायी वीस मिनिटांत ओलांडता येतो. झेव्हरे या रांगेच्या उत्तर टोकाकडे आहे. ले काझतिए हा त्या गावातला एक मळा. आणि प्रमिए क्रु हा त्या मळ्याचा दर्जा.

दर्जे चार. सगळ्यांत खाली नुसतं ‘बुर्गोन्य’, म्हणजे बर्गंडीचं फ्रेंच नाव, लिहिलेली प्रांताची वाइन. एकूण उत्पादनातली जवळपास निम्मी हीच. त्यावर गावाच्या नावाची, ती तिसऱ्या हिश्शाहून थोडी जास्त. त्यावर प्रमिए क्रु, साधारण दहावा हिस्सा. आणि माथ्यावर ग्रां क्रु, शंभरात एखादी बाटली. असे ग्रां क्रु सगळ्या बर्गंडीत ३३ आहेत. शाब्ली या गावाचा अपवाद सोडला तर त्यांच्या लेबलावर गावाचं नावच नसतं, फक्त मळ्याचं असतं. इथे नवख्यांची हमखास फसगत होते. ‘शांबेर्तां’ हा ग्रां क्रु मळा आणि ‘झेव्हरे-शांबेर्तां’ हे गाव. गावाचं नाव पूर्वी नुसतं झेव्हरे होतं. १८४७ मध्ये त्यांनी आपल्या सर्वांत नामांकित मळ्याचं नाव मागे जोडून घेतलं. पुढे १८७९ मध्ये प्युलिन्यी आणि शासान्य या शेजारच्या गावांनी मोंराशे जोडून घेतला, कारण तो मळा दोघांच्याही हद्दीत येतो. म्हणून जोडनावाच्या सुरुवातीला गावाचं नाव दिसलं की समजायचं, हे गाव आहे; काही ग्रां क्रु मळ्यांचीही जोडनावं असतात, पण त्यांत गावाचं नाव नसतं. किंमत विचारताना हा एक फरक ठाऊक असला तर बरेच पैसे वाचतात.

हा दर्जा जमिनीचा असतो, त्या वर्षीच्या वाइनचा नव्हे. दिजाँहून बोन शहराकडे जाणारा जुना हमरस्ता टेकड्यांच्या पायथ्याने जातो. त्याच्या पूर्वेला सपाट, पाणी धरून ठेवणारी जमीन. तिथली द्राक्षं बहुतेक साध्या बुर्गोन्यमध्ये जातात. रस्ता ओलांडून पश्चिमेला चढायला लागलं की आधी गावाच्या दर्जाचे मळे, चढाच्या मध्यावर ग्रां क्रु आणि प्रमिए क्रु, आणि माथ्याजवळ माती पातळ होऊन वारा झोंबायला लागला की दर्जा पुन्हा उतरतो. त्याच्या वर रान. मी ती चढण अनेकदा चालले. खाली ओली माती बुटाला चिकटते. मध्यावर पोचलं की चुनखडीचे तुकडे पायाखाली करकरतात आणि बूट कोरडे राहतात. पावसाचं पाणी निघून जातं, उताराचं तोंड पूर्वेला असल्यामुळे सकाळचं ऊन थेट वेलीवर पडतं. उत्तरेकडच्या त्या गार मुलखात द्राक्ष पिकायला एवढ्याचाही मोठा आधार असतो.

राहिलं तळाचं नाव. ते बनवणाऱ्याचं. अक्षर लहान असलं तरी माझ्या मते लेबलावरची सर्वांत महत्त्वाची ओळ तीच. का, ते फोंड्याच्या पत्राच्या उत्तरात लिहिते.

वास्कोहून एक वाचक : लग्नाच्या वाढदिवसाला मुद्दाम महागाची तांबडी बर्गंडी घेतली. ग्लासात ओतली तर रंग इतका फिका की आरपार बोटं दिसत होती. भेसळ असेल का?

नाही हो, पिनो न्वार अशीच दिसते. आपल्याकडे नाशिकची शिराझ किंवा काबेर्ने पिऊन डोळ्यांना गडद रंगाची सवय झालेली असते. त्या द्राक्षांची साल जाड, हिची पातळ. तांबड्या वाइनचा रंग सगळा सालीतून येतो. पिनो न्वारचा मणी बोटांत चिरडला तर रस अगदी बिनरंगी निघतो.

पिनोचा घड हाताच्या तळव्यात मावतो. मणी बारीक आणि एकमेकांना इतके घट्ट की मध्ये काडी शिरायची नाही. पाऊस पडला की हाच घट्टपणा अंगाशी येतो, कारण आत शिरलेलं पाणी वाळत नाही. साव्हिन्यीत पहिल्याच सकाळी घरमालकिणीने मला शेजारी बसवून दाखवलं : घड वरून निरोगी, पण मधोमध बोटाने दाबला की आतला एखादा मणी मऊ लागतो. नाकाशी नेला की आंबूस वास येतो. कात्रीच्या टोकाने तेवढे मणी उडवायचे आणि उरलेला घड बादलीत. वेली कमरेएवढ्याच उंच आणि एका हेक्टरात दहा हजारांच्या घरात लावलेल्या, त्यामुळे हे सगळं वाकून. मग शेडमध्ये टेबलावर तेच घड पुन्हा निवडले जात. त्या घरात कुजका मणी पुढे जाऊ देणं ही लाजेची गोष्ट होती.

एवढी नाजूक, कमी पिकणारी जात त्यांनी का धरून ठेवली? पीक जास्त देणारं गामे त्यांच्याकडेही होतं. १३९५ मध्ये बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने फर्मान काढून गामेच्या वेली उपटायला लावल्या आणि पिनोची बाजू घेतली. फर्मान सगळ्यांनी लगेच पाळलं असं नाही, पण कोत दोरवर शेवटी पिनोच राहिली. तिचा सुगंध हे त्यामागचं कारण. बाटली शिल्लक असेल तर ग्लास एक-तृतीयांशच भरा, हलकेच फिरवा आणि पिण्याआधी वास घ्या. चेरी, रासबेरी, थोडी जुनी झालेली असेल तर ओल्या पानांचा आणि अळम्यांचा वास येईल. हे सगळं आलं तर रंगाची चिंता सोडून द्या. मात्र तांबडीला तपकिरी झाक असेल आणि वास शिजवलेल्या मनुकांचा येत असेल, तर बाटली कुठेतरी उन्हाने तापली आहे. तसं असेल तर दुकानदाराला जरूर विचारा.

फोंड्याहून एक शिक्षिका : वाचनात आलं की बर्गंडीतल्या एकाच मळ्याला ऐंशीच्या आसपास मालक आहेत. एका मळ्यात ऐंशी जण कसे? आणि मग त्या मळ्याची वाइन एक की ऐंशी?

तुम्ही वाचलेला मळा क्लो द व्हुझो असणार. पन्नास हेक्टरांचा, चारी बाजूंनी दगडी भिंत. सितो इथल्या मठातल्या भिक्षूंनी तो बाराव्या शतकापासून तुकड्या-तुकड्यांनी जमवला आणि चौदाव्या शतकात त्याला भिंत घातली. हा मठ १०९८ मध्ये स्थापन झाला होता. भिक्षूंना घाई नव्हती, मुलंबाळं नव्हती, आणि पिढ्यान्‌पिढ्या एकाच जमिनीवर काम चाललं होतं. कुठल्या कोपऱ्यातलं द्राक्ष आधी पिकतं, कुठे गारठा साचतो, हे त्यांनी नीट पाहून ठेवलं. बर्गंडीत अशा नावानिशी ओळखल्या जाणाऱ्या जमिनीच्या तुकड्यांना क्लिमा म्हणतात. कोत दोरवरच्या अशा १,२४७ क्लिमांना २०१५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चच्या जमिनी सरकारजमा होऊन लिलावात निघाल्या. क्लो द व्हुझो त्यानंतरही बराच काळ एका हाती राहिला. १८८९ मध्ये विकला गेला तेव्हा त्याचे अनेक मालक झाले. पुढचे तुकडे वारसांनी पाडले. १८०४ ची नेपोलियनची दिवाणी संहिता मुलांना समान वाटा देते. थोरल्याला सगळं आणि धाकट्याला काही नाही, ही सोय राज्यक्रांतीतच मोडली होती, संहितेने ते पक्कं केलं.

हे गोव्यातल्या माणसाला वेगळं समजवायला नको. आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणलेली १८६७ ची दिवाणी संहिता त्याच नेपोलियनच्या संहितेच्या वळणावर घडली होती. मुलगा-मुलगी समान वाटा, आणि मिळकतीचा अर्धा भाग वारसांपासून कुणाला तोडता येत नाही. आमचं बांदोड्याचं कुळागर आजोबांच्या वेळी सलग होतं. आज इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतली कायदेशीर वाटणी होऊन ते चुलत भावंडांत वाटलं गेलं आहे. पाट तोच, झऱ्याचं पाणी तेच, डोंगराची सावलीही सगळ्यांना सारखीच. तरी धाकट्या काकूच्या वाट्यातली सुपारी वेगळी ओळखू येते. ती पावसाआधी आळी मोकळी करते, पाला कुजवून घालते, मिरीच्या वेलीला वेळेवर आधार देते. शेजारच्या वाट्याचा मालक मुंबईला असतो. तिथे पडेल ती सुपारी गोळा होते. जमिनीचा उतारा मागितला तर दोन्ही वाटे एकाच कुळागराचे.

क्लो द व्हुझोचं हेच आहे. सगळ्या पन्नास हेक्टरांना ग्रां क्रु दर्जा, पण वरच्या बाजूला खडकाळ, पाणी निचरणारी जमीन आणि खाली हमरस्त्याकडे जड, ओल धरणारी. त्यात पुन्हा मालक आपापल्या रीतीने छाटणी करणार, कमी-जास्त पीक घेणार, आपापल्या दिवशी खुडणार. म्हणून वाइन एक नाही. जितके हात तितक्या तऱ्हा. साव्हिन्यीतल्या मळ्याला कुंपण नव्हतं. दोन मालकांच्या हद्दीवर गुडघ्याएवढा एक दगड आणि मध्ये नुसती वाट. तरी ओळीच्या टोकाला उभं राहिलं की हद्द दिसायची : आमच्या बाजूला नांगरलेली भुसभुशीत माती आणि वेलींमध्ये गवत, पलीकडे तणनाशक मारून टणक झालेली, भेगा पडलेली जमीन. दोघांच्या बाटल्यांवर गाव एक, मळा एक, दर्जा एक. चव मात्र मी शेजारी-शेजारी घेऊन पाहिली आहे, आणि पलीकडच्या वाइनला मी त्या दर्जाची म्हणणार नाही.

म्हणून म्हणते, मळ्याचं नाव पाहून बाटली उचलू नका. चांगल्या हाताची साधी गावची वाइन निष्काळजी माणसाच्या ग्रां क्रुपेक्षा कितीतरी सरस निघते. आणि लेबलावर फ्रेंचमध्ये ‘मी आं बुतेय ओ दोमेन’ असा मजकूर असेल तर द्राक्ष पिकवणाऱ्यानेच वाइन करून बाटलीत भरली आहे. नसेल तर बहुधा नेगोसियांची, म्हणजे द्राक्षं किंवा वाइन विकत घेऊन स्वतःच्या नावाने विकणाऱ्या पेढीची. त्यांना कमी लेखू नका. बूशार १७३१ पासून, लुई झादो १८५९ पासून या धंद्यात आहेत, त्यांचे स्वतःचे मळेही आहेत आणि हलक्या वर्षीही ते एक पातळी राखतात. गोव्यात हाती लागणारी बर्गंडी पुष्कळदा अशा मोठ्या पेढ्यांचीच असते.

कळंगुटहून रेस्टॉरंटमध्ये काम करणारा एक तरुण : मॅडम, पाहुणे शाब्ली मागतात. ती बर्गंडी आहे की नाही, यावर आमच्यात वाद झाला. आणि गोव्याच्या जेवणाबरोबर ती सुचवावी का?

शाब्ली बर्गंडीच, पण मुख्य रांगेपासून तुटून वायव्येला, पॅरिसच्या वाटेवर. तिथे फक्त शार्दोने आणि हवा जास्त थंड. त्यामुळे आंबटपणा धारदार राहतो. पुष्कळजण ती लाकडी पिंपाऐवजी स्टीलच्या टाकीत करतात, म्हणून लाकडाचा, व्हॅनिलाचा वास येत नाही. लोण्यासारखी भरदार शार्दोने आवडणाऱ्या पाहुण्याला कोत दोरवरच्या मर्सो गावची सुचव, आणि लिंबासारखी स्वच्छ हवी असेल त्याला शाब्ली.

गोव्याच्या जेवणाबरोबर? कालवांबरोबर डोळे मिटून दे. थिवीकडून किंवा शापोरा नदीतून ताजी कालवं आली आणि तुमच्या शेफने ती रव्यात घोळवून तव्यावर हलकी भाजली, तर शाब्लीचा आंबटपणा तेल कापतो आणि कालवाची खारट गोडी वर येते. शाब्लीच्या जमिनीत बारीक कालवांचे जीवाश्म सापडतात, पंधरा कोटी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता. पाहुण्याला हे सांग, त्याला ऐकायला आवडेल. पण ‘शिंपल्यांची चव वाइनमध्ये उतरते’ असं पुढे जोडू नकोस. वेल शिंपला शोषून घेत नाही. त्या चुनखडीच्या मातीत पाण्याचा निचरा छान होतो आणि हवा गार आहे, ही खरी कारणं.

रव्यातली इसवण, तिसऱ्यांचं सुकं, कमी तिखटाचं सुंगटांचं कालवण, सगळ्यांना शाब्ली किंवा आलिगोते चालते. अंबट-तीख आणि रेशाद मसाल्यापुढे मात्र ती हरते. तिखट जिभेवर असताना आंबट वाइन आणखी झोंबते. तिथे पाहुण्याला बिअर दे किंवा सरळ उराक. महागडी बाटली वाया घालवायला लावू नकोस, तो पाहुणा परत तुझ्याकडेच येईल. विंदालूच्या व्हिनेगरबरोबरही कुठलीच बर्गंडी जात नाही.

आणि एक जोडी माझ्या आवडीची, मेन्यूवर आणता आली तर बघ : श्रावणात अळमी येतात तेव्हा त्यांची भाजलेल्या खोबऱ्याची शागोती, मिरची निम्मी करून, आणि सोबत तीन-चार वर्षं जुनी तांबडी बर्गंडी. अळम्यांचा मातकट वास आणि पिनोचा मातकट वास एकमेकांना ओळखतात.

साखळीहून एक व्यापारी : बर्गंडीच्या एकेका बाटलीला लाखांत किंमत का? आणि ओळखीचा एक जण जुनी, १९५० च्या दशकातली बाटली ‘स्वस्तात’ देतो म्हणतो. घ्यावी का?

दुसऱ्याचं उत्तर आधी : घेऊ नका. कागदपत्रं नसलेली जुनी बर्गंडी अनोळखी हातातून कधीच घेऊ नये. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात पाँसो या घराण्याच्या क्लो सां-दनीच्या १९४५ पासूनच्या बाटल्या विक्रीला आल्या. घराण्याचा मालक लोराँ पाँसो स्वतः तिकडे गेला आणि त्याने त्या मागे घ्यायला लावल्या, कारण त्यांच्या घरात त्या मळ्याची वाइन १९८० च्या दशकाआधी होतच नव्हती. त्या बाटल्या देणारा रूडी कुर्नियावान घरी बसून खोट्या बाटल्या भरत असे. २०१४ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. मोठमोठे जाणकार त्याच्याकडून फसले होते. शिवाय ती बाटली खरी असली तरी इतकी वर्षं कुठल्या कपाटात होती, कोण सांगणार?

किमतीचं म्हणाल तर जागाच नाही. रोमाने-काँती हा मळा दोन हेक्टरांहूनही लहान आहे, मालक एकच, आणि वर्षाला जेमतेम पाच-सहा हजार बाटल्या निघतात. मागणी सगळ्या जगाची. एखाद्या घराण्याकडे एका ग्रां क्रुच्या दोन-चार ओळीच असतात. त्यातून एक पिंप भरतं, २२८ लिटरचं, म्हणजे तीनशे बाटल्या. त्यात निसर्ग. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोंब फुटल्यावर कडाक्याचं दव गोठलं आणि कित्येकांचं निम्म्याहून जास्त पीक गेलं. रात्रभर मळ्यात मेणाचे डबे पेटवून लोक वेली राखत होते. मग आपल्याकडे यायचं तर जहाजभाडं, आयातशुल्क, अबकारी. पण ही सगळी वरच्या टोकाची गोष्ट झाली. दक्षिणेकडे उतरा : मेर्क्युरे, झिव्री, र्युयी या गावांची तांबडी-पांढरी, माकाँच्या बाजूची शार्दोने. द्राक्षं तीच, रीत तीच, किंमत कोत दोरच्या निम्म्याने. मी स्वतःच्या पैशांनी घेते ती बहुतेक हीच.

पेडण्याहून एक बागायतदार : माझ्या काजूच्या डोंगरावर पिनो न्वार लावता येईल का?

येईल, वेल जगेलही, पण वाइन होणार नाही. तिला हिवाळ्यात पानं गाळून झोपायला थंडी लागते, आणि फळ हळू पिकायला गार रात्री. पेडण्यात फळ उष्म्याने आधीच गोड होऊन सुगंध मरतो, आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस त्या घट्ट घडांना कुजवून टाकेल. तुमच्या डोंगराने काजू मागितला आहे, फेणीला २००९ पासून भौगोलिक मानांकन आहे. तिकडे मेहनत घाला.

मडगावहून महिला मंडळाच्या सात-आठ जणी : आम्हाला आजवर गोड पोर्टच ठाऊक. तुमच्या लेखानंतर बर्गंडी चाखायचं ठरवलं आहे. सुरुवात कशी करावी? आणि बाटली गोव्याच्या हवेत ठेवावी कुठे?

छान ठरवलंत. गोड पोर्टची सवय असलेल्या जिभेला पहिला घोट आंबट आणि कोरडा लागेल, तेव्हा जेवायला बसल्यावरच उघडा, नुसती पिऊ नका.

एक बाटली आणून उपयोग नाही, दोन आणा. गाव एक, वर्ष एक, बनवणारे दोन. उदाहरणार्थ दोन वेगळ्या घराण्यांची मेर्क्युरे. वर्गणी काढलीत तर कुणा एकीवर भार पडणार नाही, आणि सात-आठ जणींना दोन बाटल्या चाखायला पुरतात. दुकानातून घेताना बाटली उभी, दिव्याखाली, काचेच्या कपाटात धूळ खात असेल तर नको म्हणा. बूच वर उचललेलं किंवा गळ्याशी चिकट ओघळ दिसला तरीही नको.

घरी आणल्यावर वाइनचा शत्रू उष्णता. गोव्याची दमट हवा बुचाला उलट बरी, लेबलाला बुरशी येईल तेवढीच. एसी रात्री लावून दिवसा बंद करता ती खोलीही नको, कारण तापमान सारखं वरखाली होतं. वाइनचं खास कपाट नसेल तर फ्रिजच्या तळाच्या खणात आडवी ठेवा आणि काही महिन्यांत पिऊन टाका. म्हापशाच्या काकांनाही हेच सांगणं : ले काझतिए दहा वर्षं थांबू शकते, पण तुमच्या भिंतीतल्या कपाटात नव्हे.

तांबडी ‘घरच्या तापमानाला’ प्यावी असं जे वाचलं असेल ते तिकडच्या दगडी घरांसाठी. आपल्या घरात तीस अंश असतात. १४ ते १६ अंशांवर हवी, म्हणजे फ्रिजमधून काढून पंधरा-वीस मिनिटं बाहेर. बाहेरच ठेवली असेल तर उघडण्याआधी तेवढी गार होईपर्यंत फ्रिजमध्ये. प्रत्येकीपुढे दोन ग्लास मांडा, पातळ काचेचे आणि तोंडाशी जरा निमुळते. कोणती कुठली हे एकीलाच माहीत असू द्या, बाकीच्यांना नको. चाखून झाल्यावर प्रत्येकीने कागदावर फक्त दोन गोष्टी लिहायच्या : कोणत्या ग्लासाचा वास जास्त वेळ टिकला, आणि कोणता ग्लास आधी संपला. मग लेबलं उघड करा आणि तळाची नावं वहीत टिपून ठेवा. पुढच्या वेळी दुकानात जाल तेव्हा मागायचं ते नाव हेच. आणि मंडळाचा तो कागद मलाही पाठवा, पुढच्या अंकात त्यावरच बोलू.